सगळे पंजे डावे

माणसाचा वाघ होतो त्या गोष्टीला काही नियम असतात. ते मी बनवलेले नाहीत. सिंदेवाहीच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा मोबाइलवर हिंदीत डब केलेल्या परदेशी मालिका पाहून पाहून मी ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून काढले होते. तिकडच्या मालिकांत पोरांचे लांडगे होतात. आमच्याकडे लांडग्याला कोण विचारतो, तो शेळ्या पळवणारा भुरटा चोर. म्हणून मी वाघ घेतला आणि बाकी नियम तसेच ठेवले. हिरो कॉलेजातला आणि जरा लाजरा हवा. त्याला चावा बसतो आणि घरी सांगायची सोय नसते. दोन-तीन मित्रांना गुपित माहीत असतं, ते त्यांनी मरेपर्यंत सांभाळायचं. जनावर सुरुवातीला दाखवायचं नाही, नुसत्या खुणा दाखवायच्या, कारण बघणाऱ्याला जितकं कमी दिसतं तितका तो जास्त घाबरतो. गावात एक मोठं माणूस असतं, त्याला सगळं कळलेलं असतं पण ते तोंड उघडत नाही. आणि पहिला बळी हिरोच्या घरचाच जातो.

हा शेवटचा नियम मला फार आवडायचा. त्याखाली मी लाल पेनानं दोन रेघा ओढल्या होत्या. ती वही आज कुठं आहे मला माहीत नाही. सापडली तर चुलीत घालीन.

आम्ही तिघं होतो. अतुल सिंदेवाहीचा, त्याच्याकडे चांगला फोन आणि मोटारसायकल होती, म्हणून तो डायरेक्टर. लोकेश आमच्या कोसमटोल्याचा, आमच्या घरापासून चौथ्या घरचा, दिसायला बरा, म्हणून तो हिरो. आणि मी दिव्यानी, माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून मी लेखिका. मालिकेचं नाव ‘अंगात वाघ’. अतुलच्या चॅनलवर तीन भाग टाकले होते आणि पंचक्रोशीतली पोरं आम्हाला बाजारात ओळखायला लागली होती. तेवढ्यानं माझं डोकं आभाळाला टेकलं होतं.

लोकेशची आई ललिताकाकू दारात बसून पहिला भाग बघत होती तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. याच्या अंगात वाघ कुठला, हा पालीला घाबरतो, असं तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं. पण तिसऱ्या भागात लोकेश रडत रडत जंगलात निघून जातो, तो बघून तिनं मोबाइल खाली ठेवला. मला बाजूला घेऊन म्हणाली, “शेवटी माह्या पोराले वापस मानूस करशीन ना वो?”

मी म्हटलं, बघू. मोठ्या लेखिकेसारखं म्हटलं.

आता माझ्या वडिलांचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. माझे बाबा, मुखरू, जंगलखात्यात रोजंदारीवर होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळायला लागली की आमच्या गावच्या बाया अंधार फिटता फिटता टोपल्या घेऊन निघतात. मोह वेचायचा तर वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. आजूबाजूच्या गावांत दर वर्षी एखादी बाई वाघाच्या तोंडी जायची. म्हणून आमच्या गावानं रीत पाडली होती. गावाबाहेर पांदणीला, म्हणजे बैलगाडीच्या वाटेला, दोन फाटे फुटतात, एक तलावाकडे जातो आणि एक नाल्याकडे. मोहाची झाडं दोन्ही बाजूंना आहेत. बाबा सगळ्यांच्या आधी फाट्यावर जायचे, रात्री फुफाट्यातून कोण कुठं गेलं ते वाचायचे, आणि परत येऊन बोरिंगच्या हापशीजवळ उभे राहून सांगायचे, आज तलावाकडे जा, किंवा आज नाल्याकडे. दोन्हीकडे पंजे असले तर, आज घरी बसा. बाबांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. सहा मोसम झाले, गावातली एकही बाई गेली नव्हती.

“पंजा खोटं बोलत नाई,” असं बाबा म्हणायचे. ते फार बोलणारे नव्हते, पण हे वाक्य त्यांना आवडायचं.

आमच्या घरी भिंतीतल्या देवळीत तांदळाच्या डब्याशेजारी एक प्लास्टरचा पंजा होता. मागे वाघांच्या मोजणीच्या वेळी ठशांवर प्लास्टर ओतून साचे घेतले, त्यातला एक तडकला म्हणून साहेबांनी फेकला आणि बाबांनी तो उचलून आणला. वाघिणीचा, पुढचा, डावा. दुसऱ्या पोरींना बापानं पाढे शिकवले असतील, मला माझ्या बापानं पंजे शिकवले. पुढचा पाय गोल आणि मोठा, मागचा लांबट. डावा-उजवा बोटांवरून ओळखायचा. मला हे सगळं नीट येत होतं, हे विसरू नका.

चौथ्या भागात लोकेशचा पहिल्यांदा पूर्ण वाघ होणार होता. वाघ दाखवायला आमच्याकडे काय होतं? पण नियम होताच, नुसत्या खुणा दाखवायच्या. मी असं लिहिलं की हिरो अनवाणी पांदणीनं चालत जातो, कॅमेरा फक्त जमिनीवर. फुफाट्यात माणसाची पावलं उमटत जातात, मग ती खोल होतात, बोटं पसरतात, आणि पुढं सगळे वाघाचे पंजे. अतुलनं ते वाचून माझी पाठ थोपटली.

दिवस कलताना आम्ही फाट्यावर गेलो. लोकेश दहा-बारा पावलं चालला आणि बाजूच्या गवतात उडी मारून सरकला. मग मी ओढणीत गुंडाळून आणलेला प्लास्टरचा पंजा काढला आणि पाठमोरी सरकत, माझी पावलं पुसत, नाल्याच्या फाट्याकडे पंधरा-वीस पंजे उमटवले. लोकेशनं विचारलं की हे सगळे एकाच पायाचे आहेत ना. मी म्हटलं, मोबाइलवर कोणाला कळतंय. ओळखणारा गावात एकच माणूस आहे, आणि तो मोबाइल बघत नाही. तिघंही हसलो.

अतुलला उजेड असेपर्यंत घर गाठायचं होतं. लोकेश त्याला डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला गेला. जाताना दोघांनी मला बजावलं की सगळं पुसून टाक.

मी पळसाची फांदी तोडली आणि आधी माणसाची पावलं झाडली. आमच्याकडे मंत्रानं माणसाचा वाघ होतो असं मानणारी माणसं अजून आहेत. सकाळी कोणी पाहिलं असतं की पावलं पंजांत मिळून गेली आहेत, तर नसती बोंब झाली असती आणि लोकेशच्या मागं शुक्लकाष्ठ लागलं असतं. मग मी पंजांपाशी आले आणि थांबले. ते फार सुरेख उमटले होते. कोवळ्या उन्हात त्यांचा आणखी एक शॉट काय सुंदर येईल, असं माझ्या मनात आलं. मी फांदी टाकून दिली आणि घरी गेले.

माणसाची पावलं राहिली असती तर बाबा नुसते हसले असते. पोट्ट्यांचे धंदे म्हणाले असते आणि पुढं गेले असते. जिच्यावरून नाटक कळलं असतं नेमकी तीच खूण मी पुसली, आणि नाटक ठेवलं.

पहाटे मी बोरिंगवर पाणी भरत होते. आठ-दहा बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. बाबा सायकलवर आले ते घाईत होते. जंगलाच्या पलीकडच्या बीटात वणवा लागला होता आणि साहेबाचे फोनवर फोन येत होते. सायकलवरून न उतरताच म्हणाले, “जनावर नाल्याकडं उतरलं. आज तलावाकडं जा.” आणि पायडल मारून गेले.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते मी खरं सांगते. मला आनंद झाला. उभ्या जिल्ह्यात ज्याच्यासारखा पंजा वाचणारा नाही, असं साहेब लोक म्हणायचे, तो माझा बाप माझ्या गोष्टीला फसला होता. मला वाटलं, आता मी खरी लेखिका झाले. हंडा भरून वाहायला लागला तरी मला कळलं नाही.

त्या बायांत ललिताकाकू होती, माझ्या अगदी शेजारी. ती माझ्याशी दोन शब्द बोलली, मग तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि तलावाच्या बाजूला चालू लागली. मला बोलायला वेळ होता. काकू थांबा, ते पंजे खोटे आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण मग देवळीतला पंजा विचारून नेला होता का, हे निघालं असतं, आणि चौथ्या भागाची मजा गेली असती. शिवाय काल तलावाकडे काही नव्हतं, आज तरी कुठलं असणार, असं मी स्वतःला समजावलं. हंडा उचलून मी घरी आले.

ऊन चढायच्या आत तलावाकडून डबे वाजवल्याचा आवाज आला आणि मग बाया पळत आल्या. तलावाच्या पाळीखाली, बांधालगतच्या झुडपांत वाघीण पिल्लं घेऊन बसली होती. ललिताकाकूचं मोहाचं झाड तिथून वीस पावलांवर. तिला चार माणसांनी खाटेवर आणलं तेव्हा तिचा पदर कमरेला खोचलेला होता आणि त्यात मोह तसाच होता.

दुपारी मी कोणाला न सांगता फाट्यावर गेले. तिथं एकही पंजा नव्हता. फुफाटा फांदीनं झाडलेला होता. तरी गाड्या येऊन गेल्या, माणसं येऊन गेली, त्यात पुसलं असेल असं मी धरून चालले. माझा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समाजमंदिरासमोर गाव बसलं. ललिताकाकूचा नवरा बिरजूकाका उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, “मुखरूभाऊ, तुमी सांगतलं म्हनून ते गेली.”

बाबा उठले. म्हणाले, “चूक माही हाये. मी नीट पाह्यलं नाई.”

मागून कोणी म्हणालं की डोळे गेले असले तर सांगायचं होतं. कोणी म्हणालं की साहेबांच्या मागं पळायला याला वेळ आहे, गावाला नाही. बाबांनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. मी बायांच्या मागं उभी होते. माझी दातखीळ बसली होती असं मी पुढं वर्षभर स्वतःला सांगत आले, पण दातखीळ वगैरे काही नव्हती. मी भित्री होते.

त्यानंतर बोरिंगवर बाबांची वाट कोणी पाहिली नाही. बाबाही फाट्यावर गेले नाहीत. खात्यानंसुद्धा हळूहळू बोलावणं बंद केलं.

ललिताकाकूच्या तेरवीला लोकेशनं मला गोठ्यामागं गाठलं. त्याचं डोकं भादरलेलं होतं. त्यानं विचारलं, “दिव्यानी, तू ते पंजे पुसले होतेस ना?”

मी म्हटलं, “पुसले.”

त्यानं विश्वास ठेवला. त्यानं ठेवायला नको होता. मग तो म्हणाला की चूक त्याचीच आहे, अंगात वाघ आणायचं नाटक केलं, जनावराचं नाव घेऊन घेऊन त्याला घरी बोलावलं. पहिला बळी घरचाच जातो, तूच लिहिलं होतंस ना, म्हणाला. मी नाही म्हणायला हवं होतं, तो बिनडोक नियम आहे, दूर देशातल्या लोकांनी टीव्हीसाठी काढलेला, असं म्हणायला हवं होतं. अतुलनं सगळे भाग काढून टाकले. लोकेशनं कॉलेज सोडलं आणि तो चामोर्शीकडे मामाच्या शेतावर निघून गेला.

पावसाळ्यात एका दुपारी आई धानाच्या रोवण्याला गेली होती. बाबा ओसरीवर दोर वळत बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि एका दमात म्हटलं, “बाबा, ते पंजे मी काढले होते.”

त्यांचे हात थांबले नाहीत. “मालूम हाये,” ते म्हणाले. “सगळे डावेच होते.”

मग त्यांनी सांगितलं. वणव्यावर निरोप मिळाला तेव्हा ते धावत गावात आले आणि आधी फाट्यावर गेले. सकाळी बॅटरीच्या उजेडात त्यांनी पहिला पंजा पाहिला होता, दिशा पाहिली होती आणि सायकल वळवली होती. आता खाली बसून एकेक पाहिला. पुढचा डावा, पुढचा डावा, पुढचा डावा. आणि प्रत्येकात तड्याची बारीक रेघ. साहेब पंचनाम्याला पोचायच्या आत त्यांनी ते झाडून टाकले. घरी येऊन देवळीतला पंजा उचलला, फोडला आणि नाल्यात टाकला. इतके दिवस देवळी रिकामी होती आणि माझी तिकडं बघायची हिंमत झाली नव्हती.

मी रडायला लागले. मी म्हटलं, गावात सांगते. तेव्हा मात्र त्यांनी दोर खाली ठेवला.

“दुसरा पंजा पाह्यला असता त मले समजलं असतं. नाई पाह्यला. हे चूक माहीच हाये,” ते म्हणाले. “माहं त झालं आता. तुहं अजून सारं बाकी हाये. तू बोलू नोको.”

माझ्या नियमांतलं ते मोठं माणूस, ज्याला सगळं कळलेलं असतं आणि जे तोंड उघडत नाही. मी ते पात्र किती हौसेनं लिहिलं होतं. त्याला जेवण जात नाही, तो भिंतीकडे तोंड करून झोपतो, बायको त्याच्यावर करवादते आणि तो ऐकून घेतो, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. मला बाबांचा राग आला. त्यांनी मला वाचवलं म्हणून आला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं म्हणून स्वतःचा त्याहून जास्त आला. पण मी बोलले नाही.

यंदा मोह लवकर गळायला लागला. पंजे वाचणारं कोणी नव्हतं. बाया बोरिंगवर जमायच्या, एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या आणि अंदाजपंचे निघायच्या. पाचव्या दिवशी गुलाबकाकूला नाल्याकडे वाघानं धरलं. बायांनी आरडाओरडा केला म्हणून ती जिवानिशी वाचली, पण उजवा हात कोपरापासून गेला. ती माझ्या आईच्या वयाची आहे आणि तिच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही.

बाबांना हे कळलं तेव्हा ते उठून दारापर्यंत गेले, चपलांत पाय घातले आणि परत काढले. म्हणाले, आता माझं कोण ऐकणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हंडा न घेता बोरिंगवर गेले. बाया होत्या. बिरजूकाका होता, आणि हापशीवर बादली भरत लोकेश होता. दोन दिवसांवर आलेल्या वर्षश्राद्धासाठी तो रात्रीच आला होता. मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी त्या दिवशी गेले असते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

मी सांगून टाकलं. बाबांचे डोळे गेलेले नाहीत. त्या दिवशी फाट्यावर जे पंजे होते ते मी प्लास्टरच्या साच्यानं उमटवले होते, मालिकेसाठी. पुसायला सांगितलं होतं, मी पुसले नाहीत. त्यांना उशिरा कळलं आणि मला वाचवायला त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. फाट्यावर त्यांनाच पाठवा, नाही तर आणखी बाया जातील.

कोणी ओरडलं नाही. कोणी अंगावर धावून आलं नाही. एका बाईनं टोपली खाली ठेवली, तेवढाच आवाज झाला. मग बिरजूकाका मला वळसा घालून आमच्या घराकडे गेला आणि दारासमोर उभं राहून त्यानं हाक मारली, “मुखरूभाऊ, बाहेर या जी.”

बाया त्याच्या मागं गेल्या. बोरिंगवर मी आणि लोकेश उरलो. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानं विचारलं, “त्या दिवशी सकाळी तू इथीच होतीस का?”

हे मी सांगितलं नव्हतं. पंजांचं सांगितलं होतं, पण इथं उभी होते हे नाही. आणखी एकदा नाही म्हणता आलं असतं.

“होती,” मी म्हटलं. “तुह्या मायच्या बाजूनं उभी होती.”

“काही बोलली काय ते?”

“म्हनली, लोकेशले उठवाले येऊ नोको. राती दमून आला, झोपू दे त्याले.”

लोकेशनं मान हलवली. भरलेली बादली तिथंच सोडून तो घराकडे गेला. थोड्या वेळानं मी ती उचलून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. ती दुपारपर्यंत तशीच होती, मग कोणीतरी ते पाणी ओतून दिलं.